खालचा सिलिंडर

तिसरा पिस्टन गेला तो बुधवारी, आणि गेला तोही कुठे, तर खाडीच्या ऐन तोंडावर, ओहोटी लागलेली असताना, बोटीत चार पेशंट बसलेले असताना. बोट चालवणाऱ्या दादाने चटकन नांगर टाकला आणि तो दगडात अडकला, म्हणून बरं. नाहीतर बोट बाहेर समुद्रात गेली असती. तासभर तिथेच हेलकावे खाल्ल्यावर एका मच्छीमाराने ती ओढून किनाऱ्याला आणली. चौघांचंही नुकतंच डायलिसिस झालं होतं. त्यातल्या रिटायर हेडमास्तरांना तर दोघांनी उचलून वर घ्यावं लागलं.

हे सगळं दादाच्या धाकट्या बहिणीला फोनवर कळलं. इंजिन तिनेच बांधलेलं. सगळा धक्का तिला मिस्त्रीण म्हणायचा. वडिलांच्या मागे सोळा वर्षं वर्कशॉप एकटीने चालवलेलं, कानामागे पेन्सिल, आणि जीभ अशी की गिऱ्हाइकाने आधी माफी मागावी आणि मग इंजिन दाखवावं. पण त्या दिवशी फोन ठेवून ती स्टुलावर बसली ती उठेचना. 'आता नाही होणार' असं तिने दादाला दोनदा छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

खरं तर इंजिनात वाईट काही नव्हतं. चाळीस घोड्यांचं, एकावर एक दोन सिलिंडर असलेलं, बोटीच्या मागे टांगायचं साधंसुधं मशीन. पण त्याला बेटावरून हॉस्पिटलच्या धक्क्यावर यायला पन्नास मिनिटं लागायची आणि परत जाताना भरती समोरून आली तर तासाच्या वर. डायलिसिस झालेल्या माणसाला तासभर फळीवर बसवायचं म्हणजे शिक्षाच की. हेडमास्तर एकदा म्हणाले, "हॉस्पिटलात चार तास पडून राहतो त्याचं काही वाटत नाही, पण तुमची बोट दिसली की मला मृत्युपत्र आठवतं." सगळे हसले. मिस्त्रिणीला मात्र ते लागलं. तिने इंजिन खोललं. हेड घासून घेतलं, म्हणजे आतला दाब वाढतो. पेट्रोल जास्त यावं म्हणून कार्बोरेटरला मोठे जेट घातले, पाण्यातला पंखा बदलला. पन्नासाची तीस मिनिटं झाली! महिनाभर धक्क्यावर तिच्याशिवाय दुसरा विषय नव्हता.

आणि मग खालच्या सिलिंडरचा पिस्टन गेला. नवा घातला, तोही गेला. मग हा तिसरा. वरचा सिलिंडर ठणठणीत, जाणार तो खालचाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी जिना उतरून वर्कशॉपमध्ये आली. खाली वर्कशॉप, वर दादाचं बिऱ्हाड, आणि वरच्या खिडकीशी वहिनीचं शिलाई मशीन, असं ते घर होतं. वहिनी शिवणकाम करायची. शाळांचे गणवेश, परकर, पडदे, जे येईल ते. एरवी ती नणंदेला 'बाई गं' म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, "वन्सं."

हा शब्द वहिनी वर्षातून एखाद्याच वेळी काढायची, आणि काढला की शहाण्याने हातातलं काम खाली ठेवावं.

"वन्सं, पिस्टन हवे तितके बदला. पण हे आता त्या बोटीत पाय ठेवणार नाहीत."

"वहिनी, मी बघतेच आहे गं..."

"पहिल्यांदा म्हणालात, ह्यांनी पेट्रोलात ऑइल कमी घातलं. त्यावरून आमची दोन दिवस भांडणं झाली. दुसऱ्यांदा म्हणालात, जेट चोंदलं. टायमिंग म्हणालात, तेही बदललंत. आणि दर वेळी शेवटी काय, तर 'आता नाही होणार'. मला ते नको. का होतंय ते सांगा. माझ्यासारख्या अडाणी बाईला कळेल असं सांगा. मग न्या खुशाल माझा नवरा."

दादा जिन्यात उभा होता. तो पुटपुटला, "अगं, पण पेशंट..."

"भाड्याची जुनी बोट आहे की."

"तिला पन्नास मिनिटं लागतात."

"लागू देत. पोचते ना?"

दादाने बहिणीकडे बघितलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच तिला सहन होईना. हा बावळट माणूस, ती आत्ता 'जा' म्हणाली असती तर चौथ्यांदा निघाला असता.

"ठीक आहे," मिस्त्रीण म्हणाली. "का ते सांगते. सांगितल्याशिवाय बोटीला इंजिन लावणार नाही."

पुढचे तीन दिवस तिने दुसरं काम हातात घेतलं नाही. आलेल्या गिऱ्हाइकांना दारातूनच वाटेला लावलं. पेट्रोलची नळी तोंडाने फुंकून बघितली. पाण्याच्या पंपाचं रबर काढून बघितलं, नव्यासारखं होतं. क्रँकच्या सीलमधून हवा शिरत असेल म्हणून साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा येईल तर शपथ. कॉइल, प्लग, वायरी, सगळं एकेक करून तपासलं. प्रत्येक गोष्ट साळसूद, प्रत्येक गोष्ट निर्दोष. तीनदा तिने असंच काहीतरी पकडून त्यालाच चोर ठरवलं होतं, हे तिला आता कळत होतं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं चाललं होतं तिचं.

शनिवारी दुपारी तिला वाटलं, आधीचे दोन पिस्टन पुन्हा एकदा बघावेत. पण ते कुठे असणार? वडिलांचा नियम होता, बिघडलेला पार्ट टेबलावर ठेवायचा नाही, दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या नजरेला पडतो. काढला की भंगाराच्या डब्यात. तिने डबा उपडा केला. वॉशर निघाले, साखळीचे तुकडे निघाले, पिस्टन नाहीत. चिडून ती वर पाणी प्यायला गेली, आणि बघते तर वहिनीच्या खिडकीत दोन्ही पिस्टन शेजारी शेजारी ठेवलेले, स्वच्छ पुसून.

"हे इथे कसे?"

"मीच उचलले." वहिनी मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "हे दोनदा मरता मरता परत आले. मला आठवण असावी म्हणून ठेवलेत. तिसराही आणून द्या."

मिस्त्रीण खाली गेली, तिसरा पिस्टन घेऊन आली आणि कापड बेतायच्या टेबलावर तिन्ही ठेवले. पिस्टनच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो, तो कुठल्या दिशेने बसवायचा ते कळावं म्हणून. तिने तिघांचे बाण एकाच बाजूला केले आणि वाकून बघू लागली.

आजवर तिने ते एकेकटेच बघितले होते. पहिला सगळीकडून खरवडलेला, म्हणून तिला वाटलं ऑइल कमी. दुसऱ्याच्या डोक्याला भोक, म्हणून वाटलं पेट्रोल कमी. तिसऱ्याची रिंग तुटलेली. तीन पेशंट आणि तीन आजार, असं तिने धरलं होतं. आता शेजारी ठेवल्यावर दिसलं की बाकी काही असो, तिन्हींची कड एका जागी कुरतडल्यासारखी झाली होती. खाली, डाव्या अंगाला.

वहिनीही मशीन थांबवून आली. दाताने दोरा तोडत तिने तिघांवर नजर टाकली.

"तिन्ही एकाच काखेत उसवलेत की."

"म्हणजे?"

"मागच्या वर्षी मी शाळेचे तीस शर्ट शिवले, आठवतंय? सगळे डाव्या काखेत फाटून परत आले. आधी मी दोऱ्याला शिव्या दिल्या. मग पोरांना दिल्या, माकडं आहेत म्हणून. शेवटी बघितलं तर कागदच चुकला होता, जो कापडावर ठेवून कापते तो. बोटभर कमी. मीच बेतलेला." तिने खांदे उडवले. "एक फाटला तर दोरा वाईट. तीस एकाच जागी फाटले तर कागद."

"इंजिनाला कसला आलाय कागद, वहिनी!" मिस्त्रीण फणकारली आणि धाडधाड जिना उतरून खाली आली.

खाली येऊन तिने ताट वाढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून जेवायला बसली. त्या भिंतीवर खिळ्यांना पत्र्याचे साचे टांगलेले होते, चाळीस-पन्नास तरी. गॅस्केट कापायचे साचे. गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्यावरचं हेड यांच्या मधली चकती. दोन्हींच्या आतून थंड पाणी खेळत असतं, ते जायला गॅस्केटला भोकं असतात. हेड घासल्यावर दाब वाढला, तेव्हा कंपनीचं गॅस्केट टिकणार नाही म्हणून मिस्त्रिणीने तांब्याच्या पत्र्याचं कापलं होतं. आधी इंजिनातलं जुनं गॅस्केट ठेवून साचा काढला, मग साच्यावरून तांबं. पिस्टन गेला की दर वेळी नवं कापायची. इतकं चोख, की साच्यावर ठेवून बघितलं तर केसाचा फरक दिसणार नाही.

तिचा घास हातातच राहिला. "शक्यच नाही," ती भिंतीला म्हणाली. "तो साचा मी स्वतः..."

तसेच खरकटे हात धुऊन ती उठली.

साचा काढून तिने ब्लॉकवर ठेवला. खालच्या सिलिंडरपाशी, डाव्या कोपऱ्यात, ब्लॉकला एक छोटं भोक होतं. हेडलाही त्याच जागी होतं. साच्याला नव्हतं. पण लगेच तिने स्वतःला समजावलं, की गॅस्केट काही भोकं मुद्दाम झाकतं, पाणी कुठे किती जावं हे ठरवायला. तेव्हा एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. मूळ गॅस्केट काय म्हणतंय? ते तिने जपून ठेवलं होतं, खणात, वर्तमानपत्रात गुंडाळून. तिने ते दारात नेऊन उजेडावर धरलं. कोपऱ्यात भोक नव्हतं. सगळं काळं, सपाट, बंद.

"हुश्श!" ती मोठ्याने म्हणाली. साचा बरोबर होता. तिची चूक नव्हती. तिला इतकं बरं वाटलं की क्षणभर चौथ्या पिस्टनचीही काळजी उरली नाही.

पण सवय वाईट. गॅस्केट परत गुंडाळताना तिचा अंगठा त्या कोपऱ्यावरून फिरला, आणि तिथे किंचित खरखरीत लागलं. ती तशीच उभी राहिली. मग जिन्याखालून हाक मारली, "वहिनी, एक सुई टाक गं!"

वहिनीने विचारलं नाही कशाला. सुई घेऊन स्वतःच खाली आली. मिस्त्रिणीने टोक त्या खरखरीत जागी लावलं आणि हलक्या हाताने फिरवलं. काळा भुगा पडला. मग पांढरा पडला, तो मिठाचा होता. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्याने साठून दगड झालेलं मीठ, आणि वर काजळीची पुटं. ती खरवडत राहिली. सुई आरपार गेली. तिने गॅस्केट पुन्हा उजेडावर धरलं, तर मसुराच्या दाण्याएवढ्या भोकातून ऊन तिच्या गालावर पडलं.

तर असं होतं ते. कंपनीने भोक ठेवलं होतं. मिठाने ते बुजवलं. साध्या इंजिनाने तेवढी उष्णता निमूट सोसली. मग मिस्त्रीणबाईंनी त्या बुजलेल्या गॅस्केटवरून साचा काढला, आणि दाबही वाढवला, आणि दर वेळी पिस्टन गेला की तीच चूक अगदी जीव ओतून, केसाचाही फरक न ठेवता, पुन्हा बसवली. खालच्या कोपऱ्याला पाणी मिळत नव्हतं. जड बोट घेऊन वीस-वीस मिनिटं फुल पळवलं की तो कोपरा तापायचा आणि पिस्टनची कड वितळायची.

तिला लाज वाटली, भयंकर लाज वाटली. एक विचार मनात येऊनही गेला. नव्या तांब्याला गुपचूप एक भोक पाडायचं आणि सांगायचं की सील गळत होतं. कुणाला कळणार होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. पण सुई देणारी समोरच उभी होती, आणि तिने विचारलेलं 'का' अजून तिथेच होतं.

"वहिनी," ती म्हणाली, "चूक माझी आहे. तिन्ही वेळा माझीच. ऑइल नव्हतं, दादा नव्हता, काही नव्हतं. कागद चुकला होता."

वहिनीने सुई परत मागून घेतली, पदराला पुसली आणि म्हणाली, "दाखवा."

"काय?"

"तोंडाने सांगितलंत तसं डोळ्यांना दाखवा. तीनदा तोंडानेच सांगितलं होतंत."

रास्त होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण हे काकण इंजिनाच्या आत होतं. रविवारी सकाळी मिस्त्रिणीने नवा पिस्टन घातला आणि त्यावर मुद्दाम चुकीचंच गॅस्केट बसवलं. दादाने चार दोरांनी बोट धक्क्याला बांधली, म्हणजे इंजिन कितीही ओढो, बोट जागची हलणार नाही. हेडमास्तरही भाड्याच्या बोटीने बेटावरून, काठी टेकत बघायला आले होते. वरचं झाकण काढलं, दादाने इंजिन फुल केलं. मागे पाणी घुसळून फेसाळलं, दोर ताणून करकरायला लागले.

"तवा तापला की कसं बघतेस?" मिस्त्रीण ओरडून म्हणाली. "तसं बघ. वरच्या चक्राला हात लावू नकोस."

वहिनीने ओंजळीत पाणी घेतलं आणि बोटांनी हेडवर शिंपडलं. वर उजवीकडे थेंब तसाच ओघळला. वर डावीकडे तसाच. खाली उजवीकडे तसाच. खाली डावीकडे पडला आणि चर्र करून नाहीसा झाला. तिने पुन्हा शिंपडलं. पुन्हा चर्र.

"बंद कर!" मिस्त्रीण किंचाळली, कारण आणखी एक मिनिट आणि चौथाही गेला असता.

मग तिथेच, बोटीत बसून, तिने हेड उतरवलं, भोक पाडलेलं नवं गॅस्केट बसवलं, बोल्ट एकेक करून आवळले. पुन्हा फुल. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा. वहिनी पाणी शिंपडत राहिली. चारही कोपऱ्यांवरून थेंब सरळ ओघळत होते. दादाने इंजिन बंद केलं तेव्हा धक्क्यावर एकदम शांत वाटलं. हेडमास्तर म्हणाले, "शाब्बास. आता मृत्युपत्र पुढे ढकलायला हरकत नाही."

मिस्त्रीण हसली, पहिल्यांदाच चार दिवसांत. वहिनी हसली नाही. तिच्या कपाळावर आठी होती.

"या साच्यावरून आणखी किती कापलेत?"

मिस्त्रिणीचं हसू तिथल्या तिथे विरलं. बाकी कुणाच्या डोक्यातही हे आलं नसतं. पण जिने तीस शर्ट परत घेतले होते, तिला पहिला प्रश्न हाच पडणार.

"एक," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात. रेडिओला."

रेडिओ म्हणजे खाडीच्या वरच्या अंगाचा एक मच्छीमार. अखंड बडबड करायचा म्हणून हे नाव. दादाची बोट पळताना बघून तो हट्टाने आला होता, माझ्याही इंजिनाला अस्संच कर म्हणून. मिस्त्रिणीने त्याला फोन लावला, तर लागेना. घरी लावला. त्याची बायको म्हणाली, ते साडूला घेऊन पहाटेच बाहेर गेलेत, खाडीच्या तोंडाच्याही पलीकडे जाळी टाकलीत, दुपारच्या ओहोटीआधी परत निघतील. का, काय झालं?

"काही नाही," म्हणायला मिस्त्रिणीने तोंड उघडलं आणि मिटलं. "त्याच्या इंजिनात माझ्याकडून चूक राहिली आहे. आम्ही त्याला गाठायला जातोय," ती म्हणाली.

फोन ठेवून तिने वहिनीकडे बघितलं. दुसरी कुठली बोट तिथवर वेळेत पोचणार नव्हती. आणि या इंजिनाने अजून धक्क्याला बांधून पंधरा मिनिटांच्या वर काम केलं नव्हतं. तिने दादाला 'चल' म्हटलं नाही. तसा तिला अधिकारच उरला नव्हता.

वहिनी खाली वाकली आणि धक्क्याच्या खांबाचा दोर सोडायला लागली. गाठ पाण्याने घट्ट झाली होती, नखं मोडत होती, पण सोडत होती.

"बघत काय बसलात दोघं?" ती ओरडली. "तिचाही नवराच आहे ना तो? निघा!"

तोंडाबाहेर पडल्यावर वीस मिनिटांनी रेडिओची बोट दिसली. तो परतीच्या वाटेवर होता, उजव्या हाताला बराच लांब. मिस्त्रीण उभी राहिली, दोन्ही हात वर करून हलवू लागली. थांब, थांब! रेडिओने बघितलं. त्यानेही हात हलवला. आणि मग त्या महाभागाला वाटलं की दादा शर्यत लावायला आलाय! त्याने इंजिन फुल केलं आणि सुसाट सुटला.

"अरे गाढवा!" मिस्त्रीण ओरडली, पण वाऱ्यात कोण ऐकतंय.

दादाने मागे वळून तिच्याकडे बघितलं. "फुल देऊ?"

तीन वेळा बुडता बुडता वाचलेला माणूस विचारत होता. तिने इंजिनाचं झाकण काढलं, चक्रापासून कोपर सांभाळत तळहात हेडच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवला आणि म्हणाली, "दे."

आठ मिनिटं. नंतर दादा दहा म्हणायचा, रेडिओ वीस म्हणायचा, पण तिने मोजली होती, आठ. बोट लाटांवर आपटत होती, खारं पाणी डोळ्यांत जात होतं, आणि तिचा हात तिथेच होता. हेड गरम होतं, पण हात काढावा लागेल इतकं नव्हतं. आवाजात एक बारीकसा बदल झाला असता तर तिला कळलं असतं. झाला नाही. ती मनातल्या मनात रेडिओला शिव्या घालत होती आणि त्याच्या पिस्टनला म्हणत होती, टिक रे बाबा, एवढा वेळ टिक. दोन्ही बोटी शेजारी आल्या, मग दादा बोटभर पुढे गेला, मग अख्खी होडीभर पुढे, आणि मग त्याने सरळ रेडिओच्या वाटेत आडवी घातली.

रेडिओने घाबरून इंजिन कमी केलं. "मारता काय! हरलो म्हणून कबूल केलं असतं की मी! दादा, तुझ्या मशीनचं बघ, मी आधीच म्हणालो होतो..."

मिस्त्रीण त्याच्या बोटीत उतरली, माशांच्या टोपलीवरून. "बंद कर. तुझ्या इंजिनात मी कापलेलं गॅस्केट आहे. ते मी चुकीचं कापलंय. माझ्या भावाचे तीन पिस्टन तसल्यानेच गेले. तुझाही जाणार."

"कधी?"

तिने त्याचं झाकण उचललं, बोटं पाण्यात बुडवली आणि खालच्या डाव्या कोपऱ्यावर शिंपडली. चर्र झालं. रेडिओने ते बघितलं, मग खाडीच्या तोंडाकडे बघितलं, जिथे ओहोटीचं पाणी आता बाहेर धावायला लागलं होतं आणि खडकांवर फुटत होतं. त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, आणि बराच वेळ त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही.

"ताई," त्याचा साडू म्हणाला, "महिन्यातून एकदा असं काहीतरी सांगायला येत जा. हा गप्प बसतो."

दादाने दोर फेकला. दोन बोटींचं ओझं घेऊन, समोरच्या ओहोटीला छेदत ते इंजिन निघालं. तोंडातून आत यायलाच तासभर लागला. मिस्त्रीण सगळा वेळ मागे बसून होती. आत शिरल्या शिरल्या तिचा फोन वाजला.

"कुठे आहात?" वहिनीने विचारलं.

"तोंडातून आत आलोय. हळू येतोय, दोन बोटी आहेत. चौघंही ठीक आहेत."

पलीकडे वहिनी रडत होती, ते लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. मग नाक ओढून म्हणाली, "बाई गं, तू माझ्या नवऱ्याला तीनदा बुडवायला निघाली होतीस. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, सांगून ठेवते."

"नको विसरूस," मिस्त्रीण म्हणाली. तिचेही डोळे भरून आले होते.

"रेडिओची बायको इथे माझ्याशेजारी बसली आहे. मघापासून माझा हात धरून. तिला फोन देते, तिला आधी तूच सांग तो येतोय म्हणून. आणि लवकर या. सगळे जेवायचे थांबलेत."